गोळ्यांचे वाटे

काठी माझ्या डाव्या खांद्यावर बसली तेव्हा कडकन् आवाज आला. मला वाटलं, गेलं हाड. पण मोडली होती ती काठी. मारणारा अर्धा तुकडा हातात धरून बावळटासारखा पाहत उभा राहिला, तेवढ्यात मी आमचा वजनकाटा उचलला आणि त्याच्या नडगीवर घातला. तो "याऽऽव" करत खाली बसला. भर सकाळी, गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सभाघराच्या अंगणात, साऱ्या गावासमोर. आणि भांडण कशावरून, तर नसांच्या गोळ्यांवरून!

मी माजरीची. कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढली. माझा बाप ड्यूटीवरून आला, छातीत दुखतंय म्हणाला. घरच्यांनी गॅस समजून ओवा-सोडा पाजला, आणि चहा उकळेपर्यंत बाप गेला. तेव्हापासून छातीवर हात ठेवलेला माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. म्हणून युनिव्हर्सिटीच्या संशोधनात गावोगाव फिरायचं काम मिळालं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. काम सोपं होतं. जंगलातली माणसं तेल जेमतेम खातात, कोसकोस चालतात, तरी त्यांच्या नसा आतून जाड आणि कडक काऊन होतात? आणि वेळेत सापडलं तर रोजच्या गोळीनं माणूस वाचतो का? मानेवर थंडगार जेली लावायची, मशीन फिरवायची, नसेच्या भिंतीची जाडी मोजायची. बोटांना जेली आणि कानांना शिव्या, कारण लोकांच्या गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा मी थुंकायला लावायची.

गडचिरोलीहून एसटी जाते आणि पुढं पायी जावं लागतं, अशा एका गावात पन्नाशीचा एक भाऊ होता. अंगानं पोलादी, पण टेकडी चढला की मधेच छाती धरून बसायचा. त्याची नस पडद्यावर पाहिली आणि आमच्या सरांनी मोजमाप पुन्हा घेतलं. सर म्हणजे या अभ्यासाचे मुख्य, नागपूरकडचे, इस्त्रीच्या शर्टातले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "याची गोळी एक दिवससुद्धा चुकता कामा नये. हा माणूस कधीही जाईल." त्या भाऊला आणि गावातल्या आणखी चौघांना मी दर महिन्याला महिनाभराच्या गोळ्या देऊ लागली. रोज एक, जेवल्यावर. भाऊनं मान डोलावली. त्याची बायको शेजारी उभी होती, काटक, कमी बोलणारी. ती म्हणाली, "खाईल ना तो. मी पायतो."

पुढच्या तपासण्या आल्या. भाऊच्या रक्तातली चरबी जिथली तिथं! सरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि तोंडावर विचारलं, "तू गोळ्या देतेस की विकतेस?" माझ्या हातात जेलीची बाटली होती. ती मी भिंतीवर अशी फेकली की सरांच्या कॅलेंडरवर पचकन् उडाली. "उद्याच जातो," मी म्हटलं, "आणि त्या माणसाच्या नरड्यात हात घालून पाहतो."

गेली तर काय दिसलं? गोटुलाच्या अंगणात पळसाची पानं मांडलेली. घरं तितकी पानं. आणि उकिडवा बसून भाऊ आपल्या हातानं प्रत्येक पानावर गोळ्या ठेवून राह्यला होता. त्याच्या, त्या चौघांच्या, साऱ्या एकत्र करून. या गावात बोडीच्या तळ्यातली मासळी असो की देवाचा बकरा, जे गावात आलं त्याचे वाटे पडतात, आणि वाटे घालायचा मान या भाऊच्या घराचा. त्याच्या हातचा वाटा कधी कमी-जास्त झाला नाही, असं म्हातारे सांगतात. त्यानं गोळ्यांचेही वाटे घातले. एका पानावर एक जास्त झाली तर उचलून दुसरीकडे ठेवत होता, मायबाप! खेळ म्हणून नाही, अगदी मनापासून. कोणी लपवलं नव्हतं, कारण लपवण्यासारखं आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं.

"भाऊ, हे काय करून राह्यले?"

"वाटे बाई. इतक्या गोळ्या. एकट्यानं कशा खाव?"

"अरे तुह्या नसेत दगड बसून राह्यला! ह्याइच्या नाई!"

"सारे पाहत राह्यतीन अन् मी खाऊ?"

माझ्या डोळ्यासमोर बाप आला. मी पुढं झाली आणि पायानं पानं उधळून दिली. गोळ्या धुळीत गेल्या, कोंबड्या धावल्या. वाट्याला पाय लावला! गावात एकदम गलका झाला. भाऊचा लहान भाऊ काठी घेऊन धावला, आणि पुढचं मी वर सांगितलंच. दोन बायांनी माझे केस धरले, एकीनं मला चावलं. मीही सोडलं नाही. एकीची वेणी माझ्या मुठीत होती आणि तोंडानं मी असं काही बोलत होती की कॉलनीतले ट्रकवाले लाजले असते.

भाऊ आम्हाला सोडवायला उठला. "थांबा रे!" एवढं ओरडला आणि उभ्याचा आडवा झाला. तोंड राखेसारखं झालं, घाम फुटला. एका क्षणात साऱ्यांचे हात सुटले. ज्यानं मला काठी मारली तोच लंगडत ट्रॅक्टर आणायला गेला. ट्रॉलीत भाऊचं डोकं बायकोच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ती ड्रायव्हरला गोंडीत शिव्या घालत होती, मी मराठीत.

गडचिरोलीच्या दवाखान्यात इंजेक्शन बसलं, पुढं नागपूरला नेऊन हृदयाच्या नसेत जाळी टाकली. वाचला. डॉक्टरीण बाईंनी त्याच्या बायकोला समोर बसवून बजावलं, "आता ही गोळी रोज. बंद केली तर जाळीत रक्त गोठेल आणि हा इथं परत यायच्या आत मरेल." सरांनी मला फोन केला, गाव अभ्यासातून बाद, आकड्यांचा चुथडा झाला म्हणे. "गोळी घेतली काय न् नाही घेतली काय, काय फरक पडतो तेच पाहायचं होतं ना? पाहा मग येऊन!" असं म्हणून मी फोन कापला. नोकरी का गेली नाही, देव जाणे.

भाऊ घरी आला त्याच्या पुढच्या आठवड्यात मी गेली. गाव जमलं होतं, त्याला पाहायला. आणि हा बाबा, छातीत जाळी घेऊन, दवाखान्याच्या गोळ्यांची पिशवी घेऊन अंगणात आला आणि म्हणाला, "पानं आणा."

माझा हात उठलाच होता. पण त्याची बायको माझ्या आधी पोचली. तिनं पिशवी हिसकली, पाकिटातून एक गोळी काढली, त्याची मान डाव्या काखेत दाबली, आजारी बैलाला औषध पाजतात तशी, आणि गोळी त्याच्या ओठांवर टेकवली. त्यानं दात आवळले. तिनं दोन बोटं आत घातली. तो कचकन् चावला. रक्त आलं, त्याच्या दाढीवर ओघळलं. तिनं बोटं काढली नाहीत. दुसऱ्या हातानं त्याच्या थोबाडीत मारली, एकदा, दोनदा, साऱ्या गावासमोर, दिरासमोर.

"वाट ना!" ती ओरडली. "हे रगत बी वाट! उद्या मी रंडकी झाली, तर माह्या रंडकीपणाचे वाटे घालशील? येतीन हे सारे घ्यायला? ह्या घरी थोडं, त्या घरी थोडं?"

दीर खाली पाहत होता.

भाऊनं दात सोडले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. गोळी गेली. ती तशीच उभी राहिली, बोटातून रक्त गळत, त्याचं तोंड उघडून जिभेखाली पाहिलं, मग मान सोडली.

त्यानं दुपट्टा ओढून तोंड झाकून घेतलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं एकट्यानं काही खाल्लं होतं, आणि सारं गाव त्याच्याकडे पाहत होतं. दुपट्ट्याआड त्याचे खांदे हलत होते. तो लेकरासारखा रडत होता, लाजेनं.