नदीत गुलाल टाकला तेव्हा

कामशेतजवळचा तो पूल आला की ती घटना आजही आठवते आणि अजूनही डोकं फिरतं.

त्या उन्हाळ्यात पुलाखालची नदी गुडघाभर होती. सकाळी पोलीस चौकीत निनावी फोन मीच घेतला. "डोंगरवाडीतला एकजण नदीत विष टाकून मासे मारतोय." आम्ही पोचलो तेव्हा मेलेले मासे तरंगत होते, नदीचं पाणी प्यायलेल्या दोन बायकांना उलट्या होत होत्या आणि गावाने त्या माणसाला झाडाला बांधलं होतं. त्याला कसंबसं सोडवून जीपमध्ये बसवलं. जमाव काही हटेना.

"काय टाकलंस?"

"जाळं टाकलं साहेब, दुसरं कायबी न्हाई. हितं, ह्याच काठाला व्हतो."

गावातले एक आबा ओरडले, "खोटं बोलतोय! ही डोंगरवाडीची मानसं इखच टाकत्यात!"

मी पाण्यात उतरलो. खाली प्रवाहात आडवे खडक होते, त्यांच्यापलीकडे दोन्ही काठांना मेलेले मासे होते. खडकांच्या वरच्या अंगाला मात्र मेलेले फक्त समोरच्या काठाला. आमच्या काठाला बारके मासे पायाशी खेळत होते.

"पानी काय, समदं एकच!" आबा म्हणाले.

हवालदाराला दुकानातून गुलाल आणायला पाठवलं. तो माणूस जाळं टाकत होता तिथेच पाण्यात ओतला. लाल पट्टा आमच्याच काठाला चिकटून गेला, मध्याकडे फारसा सरकलाच नाही. खडकांवर पाणी आपटून घुसळलं, तेव्हा कुठे खालची नदी या काठापासून त्या काठापर्यंत लाल झाली.

"यानं इथून विष टाकलं असतं, तर समोरचे मासे मेले आणि हे जगले कसे?" मी विचारलं.

समोरच्या काठाला एक ओढा मिळत होता. त्याच्या कडेने चढत गेलो, तर वर पर्यटकांना भाड्याने देण्याचा बंगला. स्विमिंग पूल धुऊन ॲसिडचं पाणी ओढ्यात सोडलेलं, रिकामे कॅन तिथेच पडलेले. मॅनेजर बोलायला लागला आणि सकाळचा फोनवरचा आवाज मी ओळखला. दोन प्रश्नांत तो कबूल झाला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! गुन्हा दाखल केला.

त्या माणसाची माफी गावातल्या एकानेही मागितली नाही, याचा मला संताप आला. त्याची बायको मात्र जीपजवळ येऊन हळूच म्हणाली, "साहेब, ह्यो त्या काठाला उभा असता तर?"

त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक आरोपपत्रावर सही करण्याआधी तिचा प्रश्न मी स्वतःला विचारला.