भीमरावांची चाचणी

दुपारी चारला कॉफीचा पेला खाली ठेवला की भीमराव हेब्बळीकर धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत. रोज, न चुकता. पुस्तकातली अक्षरं दिसावीत म्हणून नव्हे; समोर बसलेल्या बायकोचे डोळे दिसावेत म्हणून.

धारवाडच्या एका मराठी मुलींच्या शाळेसाठी कादंबऱ्या निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. का, ते कुणालाच आठवत नसे. कचेरीत तीस वर्षं त्यांनी अर्ज वाचले होते आणि कादंबरीही ते तशीच वाचत: नाव, गाव, मागणी काय. पुण्याहून पुस्तकं येत. त्यांतलं कुठलं काळजाला भिडणारं, हे ओळखण्याची सोय देवानं त्यांच्यात ठेवलेलीच नव्हती. मग ती त्यांनी घरातून घेतली. पुस्तक मोठ्यानं वाचायचं. जयलक्ष्मीबाईंनी पदर डोळ्यांना लावला की पुस्तक परत.

जयलक्ष्मीबाईंना हे ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं त्या समजत होत्या, नवरा आपल्याला हौसेनं वाचून दाखवतो.

सांगितलं ते शाळेतल्या अंबूताईंनी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला.

"अक्का, तुमचा पदर आवरा हो जरा. अकरा कादंबऱ्या परत पाठवल्यात त्यानं."

"माझ्या पदरानं?"

"तुमचे यजमानच सांगतात सगळ्यांना. म्हणे, ही रडली म्हणजे मुली रडणार, आणि मुली रडल्या की अभ्यास बुडाला. पोरींना काय वाचायला मिळतं, बघा एकदा येऊन. दात कसे घासावेत!"

जयलक्ष्मीबाई हसल्या नाहीत. हातातला तीळगूळ तेवढा वाटून संपवला.

पुढच्याच आठवड्यात दोन मैत्रिणींची कादंबरी आली. एकीचं लग्न लागतं, शाळा सुटते; दुसरी वर्षभर बाकावरची तिची जागा कुणाला बसायला देत नाही. जयलक्ष्मीबाईंची शाळा अकराव्या वर्षी अशीच सुटली होती. हे पुस्तक मुलींच्या हाती पडलंच पाहिजे, असं त्यांना वाटलं. आयुष्यात इतक्या हट्टानं त्यांना काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

सासरहून पत्र येतं त्या पानावर ज्वारी निवडणारा त्यांचा हात सुपातच थांबला. भीमरावही थांबले. चष्मा नाकावर खाली आला.

"काय झालं?"

"ज्वारीत खडे फार आलेत यंदा. दुकानदाराला सांगा."

भीमरावांनी दोन ओळी पुन्हा वाचून पाहिल्या. सुपातला खडा जमिनीवर पडल्याचा आवाज आला, दुसरं काही नाही.

"नीरस आहे," ते म्हणाले आणि पहिल्या पानावर 'निर्दोष' असं लिहून सही केली. सही मात्र देखणी होती.

त्यानंतर एका आज्ञाधारक मुलाची बोधकथा आली. तिसऱ्याच पानावर जयलक्ष्मीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"यातही?"

"किती गुणाचा हो तो मुलगा!"

बोधकथा परत गेली. पाच वर्षांत शाळेचं कपाट बहिणींनी, मैत्रिणींनी, आईवेगळ्या भावंडांनी भरून गेलं. ज्या माणसाला समोर बसलेली बायको वाचता आली नाही, तो दर बैठकीत छाती काढून सांगे, "आमच्या कपाटात एक रडकं पुस्तक दाखवा!"

ते गेले अडतीस सालच्या वैशाखात, दुपारच्या झोपेतच. आडवं होण्याआधी शाळेतली शकुंतला दारात आली होती. ती मैत्रिणींची कादंबरी तिनं छातीशी धरली होती. सुट्टीत हुबळीची मालती येणार आहे, तिलाही वाचायचंय, आणखी चार दिवस ठेवू का, असं विचारताना तिनं दोनदा नाक पुसलं. भीमरावांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि आत वळून हाक मारली,

"अगं, या पोरीला पाणी दे. उन्हातून आलीय, डोळे बघ कसे लाल झालेत."