मामांनी पाणी घेतलं

जगात काहीही घडलं तरी माझे मामा स्वतः जाऊन ते पाहून येईपर्यंत ते घडलं असं आमच्या नात्यागोत्यात कुणी धरत नाही. मामा हट्टा गावचे, माझ्या आईचे धाकटे भाऊ. पेपरात आलं, टीव्हीवर दाखवलं, फोनवर कुणी रडत सांगितलं, तरी त्यांचं उत्तर एकच असतं, "पाहून येतो." एका पावसाळ्यात सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली. सगळं गाव नदीकाठची जनावरं हलवायच्या गडबडीत असताना मामा एसटीत बसून धरणावर गेले, भिजत उभे राहिले आणि संध्याकाळी परत येऊन पारावर म्हणाले, "उघडलेत. पण सगळे न्हाई. कडेचे बंद हायेत." तोवर जनावरं हलवून झाली होती, पाणीही येऊन गेलं होतं. तरी लोकांनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, कारण आता ती बातमी पक्की झाली होती.

वसमतच्या एका लांबच्या नातेवाइकाच्या मृत्यूची बातमी अशीच आली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, पुरुष टोप्या शोधू लागले. मामा म्हणाले, "थांबा, म्या म्होरं जाऊन पाहतो." तिथं त्या गृहस्थांनीच दार उघडलं आणि मामांना चहा दिला. कुणीतरी आडनाव सारखं पाहून फोन केला होता. मामा चहा पिऊन परत आले, पण राग गेला नव्हता. "जित्ता हाय तर तसं कळवायचं ना माणसानं," असं ते पुढे कितीतरी दिवस म्हणत होते.

मी पदवी परीक्षा पास झाले तेव्हाही तेच. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. संत नामदेवांच्या नरसीच्या अलीकडे आमचं गाव. तिथं सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून मामांनी मला हट्ट्याला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि पुढे परभणीला धाडलं. निकाल लागल्याचा फोन केला, तर आनंदाचा एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मामा कॉलेजच्या फलकासमोर उभे. माझ्या नावाखाली बोट धरून ते पुष्कळ वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "छापलंय." एवढं बोलून ते वळले आणि उपरण्यानं तोंड पुसत पेढ्यांच्या दुकानाकडे चालू लागले. मी मागून चालत होते. त्यांच्या पाठीकडे पाहूनच मला कळत होतं की ते रडत आहेत.

या स्वभावाचा सगळ्यात जास्त उपयोग आमच्याकडे लग्नं जमवताना होई. मुलगी द्यायची तर मुलाचं घर पाहायला मामांना पाठवायचं, हे ठरलेलं. मामा तिथं जात, गोठ्यात वाकून गव्हाणी पाहत, माठाचं झाकण उचलत, सांडपाणी कुठं जातं ते पाहत, भावांच्या वाटण्या झाल्या का ते विचारत आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन बसत. हे सगळं होईपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा ते तोंडात घेत नसत. उन्हाळा असो, घशाला कोरड पडो, पाण्याचा तांब्या समोर तसाच राही. मनासारखं वाटलं तर मग स्वतःच म्हणत, "पाणी आणा." आमच्याकडे बायका अजून एकमेकींना विचारतात, "मामांनी पाणी घेतलं का?" घेतलं असेल तर लग्न ठरलं.

हे सगळं सविस्तर सांगायचं कारण असं की मामांनी एकदा माझ्यासाठी असंच एक घर पाहिलं. ते सासर नव्हतं. माझ्या नोकरीचं ठिकाण होतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. आधी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. मग न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या थंड डोंगराळ भागात, द्राक्षांपासून वाइन बनवणाऱ्या एका जुन्या, नावाजलेल्या ठिकाणी मला काम मिळालं. मी ते बाबांना सरळ सांगितलं. बाबा माळकरी, नरसीच्या भजनात टाळ धरणारे. पण गोष्ट नुसत्या माळेची नव्हती. माझे धाकटे चुलते दारूपायी गेले. त्यांना रस्त्यावरून उचलून घरी आणायचं काम वर्षानुवर्षं बाबांनी केलं, आणि शेवटी खांदाही त्यांनीच दिला. माझं बोलणं ऐकून ते म्हणाले, "जिनं माझा भाऊ नेला, तीच दारू आता माझी लेक बनवणार?" आणि फोन आईच्या हातात दिला. त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. मी फोन करायचे, आई म्हणायची, "बाहेर गेलेत," आणि मागून त्यांचा खोकला ऐकू यायचा. नोकरी सोडून परत जावं, असं मला रोज वाटे. रोज सकाळी मी कामावरही जाई.

आईनं हे मामांना सांगितलं. मामा नेहमीचंच बोलले, "अक्का, म्या पाहून येतो." आई हसली. समुद्रापलीकडचं गाव हे काय वसमत आहे का! पण मामांनी पासपोर्टचा अर्ज भरला. चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा मामा फार खूश झाले. त्याला त्यांनी चुलीपासून म्हशींपर्यंत सगळं दाखवलं, पाणीही पाजलं. सरकार स्वतः येऊन पाहून जातं याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं. निघताना त्यांनी बाबांना विचारलं, "दाजी, म्या जे पाहीन ते सांगीन. तुमाला आवडंल तेच सांगणार न्हाई. चालंल का?" बाबा म्हणाले, "म्हणूनच तुमाला जाऊ देतो."

आपल्याकडे हळद शिजवून, वाळवून झाली की रान मोकळं होतं, तेव्हा तिकडे द्राक्षांची तोडणी चालू असते. मामा आले ते धोतर, स्वेटर आणि माकडटोपी घालून. वर डोंगरमाथ्यावर बर्फ, खाली पिवळी पडत चाललेली द्राक्षाची पानं. मामांनी आधी सगळ्या डोंगरांकडे पाहून घेतलं आणि म्हणाले, "थंडी हाय. बराबर सांगितलं होतं तू." म्हणजे मी फोनवर इतके दिवस सांगत होते ते त्यांनी आता मान्य केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कामावर नेलं. माझे मालक वृद्ध आहेत, कमी बोलणारे. त्यांनी हात पुढे केला, मामांनी नमस्कार केला. मालकांनी कॉफी विचारली. मामांनी पिशवी वर करून दाखवली. तिच्यात त्यांनी धपाटे आणि पाण्याची बाटली माझ्या घरूनच भरून आणली होती. मालकांना वाटलं पाहुण्यांची तब्येत नाजूक असेल. मला मात्र कळून चुकलं. मामा घर पाहायला आले होते.

मग सगळं रीतसर झालं. पाखरं येऊ नयेत म्हणून वेलींवर टाकलेली जाळी त्यांनी हातानं ओढून पाहिली. रसाच्या हौदावर द्राक्षांच्या सालींचा जाड थर येतो, तो लाकडी दांड्यानं खाली दाबावा लागतो, ते काम त्यांनी वाकून पाहिलं. गटाराचं झाकण उचललं. चोथा कुठं जातो ते विचारलं. रानातच खत म्हणून जातो हे कळल्यावर प्रत्यक्ष ढिगापर्यंत चालत गेले. मग मला म्हणाले, "इच्यार त्यांना, भाऊ किती? वाटण्या झाल्या का?" मी लाजत लाजत विचारलं. मालक म्हणाले, एक भाऊ आहे, शहरात असतो, जमिनीवरून बोलणं बंद आहे. मी सांगितल्यावर मामांनी मान हलवली. "हितंबी हायच ते."

चव घेण्याच्या खोलीत पाहुणे पेल्यातला घोट तोंडात फिरवून भांड्यात थुंकत होते. जाणकार लोक असंच करतात, दिवसभर चवी घ्यायच्या तर गिळून कसं चालेल, हे मी समजावलं. मामा म्हणाले, "थुकायचंच हाय तर तोंडात घेतेत काहून?" मालकांनी ते मला इंग्रजीत सांगायला लावलं आणि इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. मामा हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं. "थुकणारे पाहिले. आता पिणारे पाहतो. पिऊन भाईर निघताना माणूस कसा चालतो, ते पाहायचंय मला."

त्या दिवसापासून मामा फाटकाजवळच्या अक्रोडाखालच्या बाकावर बसू लागले. येणाराजाणारा त्यांना हात करी, ते नमस्कार करत आणि माणूस गाडीपर्यंत सरळ चालतो का ते पाहत. मी आत हौद धूत असे आणि माझं सगळं लक्ष फाटकाकडे असे. रात्री जेवताना विचारायचं धाडस होत नसे. सगळे सरळ चालत होते, आणि मला आशा वाटू लागली होती.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी लग्नाची काही मंडळी आली. बराच वेळ हसण्याचे आवाज येत होते. मग कुणीतरी मला हाक मारली. मी धावत फाटकाशी गेले, तर एक धिप्पाड माणूस बाकावर कलंडला होता आणि मामांनी त्याला आपल्या खांद्याचा आधार दिला होता. त्यांनी त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या होत्या आणि आपल्या बाटलीतलं पाणी हातावर घेऊन ते त्याच्या मानेवर लावत होते. सरावाचे असल्यासारखे हात चालत होते. माझ्या चुलत्यांना आणताना बाबांच्या जोडीला कितीदा तरी मामाही असत, हे तेव्हा मला आठवलं. त्या माणसाची बायको शेजारी उभी होती. ती कुणाकडेच पाहत नव्हती. मीही खाली बसले आणि त्याचं डोकं धरलं.

मालक आले. त्यांनी टोपी काढली, त्या बाईंजवळ गेले आणि हळू आवाजात काही बोलले. मग त्या माणसाच्या गाडीची किल्ली मागून घेतली आणि दोघांना आपल्या गाडीत बसवून स्वतः घरी सोडायला निघाले. जाताना चव घेण्याची खोली त्या दिवसापुरती बंद करायला सांगून गेले.

"काय म्हणाले ते बाईला?" मामांनी विचारलं.

"म्हणाले, चूक आमची आहे. आम्ही जास्त ओतली."

मामा बाकावर बसून राहिले. धोतरावर त्या माणसाच्या तोंडातलं सांडलेलं होतं. ते पुसता पुसता म्हणाले, "वास तोच हाय, पोरी."

मी खाली मान घालून उभी राहिले. मामांनी माझा हात हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला. तोडणीच्या दिवसांत रसानं हात जांभळे होतात आणि गार पाण्यानं बोटं फुटतात. ते भेगांवरून अंगठा फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायला गेलो. मालक दारातच होते. मामांनी नमस्कार केला, आत गेले, खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "म्हणावं, पाणी आणा."

मला ते सांगताही येईना. मालक माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, त्यांना वाटलं काही वाईट घडलं. शेवटी मी सांगितलं. तिथं हाताशी वाइनचेच पेले होते, त्यातल्याच एकात ते पाणी घेऊन आले. मामांनी पेला उजेडात धरला, वास घेतला, आणि वर न पाहता सगळं पाणी पिऊन टाकलं.

विमानतळावर मी विचारलं, "मामा, तो माणूस पाहिल्यावरही?"

"पाहिल्यावरच," ते म्हणाले. "त्याला पाहिला नसता तर म्या तसाच तहानेला गेलो असतो. सगळं चांगलंच दिसलं की मला शक येतो. वाईट दिसंल तवा घरचे काय करतेत, तेच पाहायचं असतंय."

पुढचं मला आईनं सांगितलं. मामा स्टेशनावरून थेट आमच्या गावी गेले. बाबांसमोर बसून म्हणाले, "दाजी, दारूच हाय ती. वासबी तोच. एक माणूस पडलेला म्या पाहिला, त्याला ह्या हातानं धरला." आईनं कपाळाला हात लावला. मामा सांगतच राहिले. डोंगर सांगितले, जाळी सांगितली, मालकानं काढलेली टोपी सांगितली. "तुमची लेक पळून आत न्हाई गेली. खाली बसली अन् त्याचं डोकं धरलं, आपण धरत होतो तसं. अन् दाजी, तिचे हात तुमच्यावानी झालेत. तुमचे हळदीनं पिवळे, तिचे जांभळे. फुटलेत." बाबा उठून रानात गेले.

पुढच्या वेळी मी फोन केला तेव्हा आई "बाहेर गेलेत" म्हणायच्या आतच फोन ओढून घेतल्याचा आवाज आला.

"हाताला काय लावतीस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

"तूप लावत जाय. झोपताना." आणि फोन परत आईकडे.

माझ्या कामाबद्दल बाबा आजही एक अक्षर बोलत नाहीत. ते त्यांना पटलेलं नाही, आणि पटावं असा हट्टही मी धरत नाही. पण तेव्हापासून ते माझ्याशी बोलतात. तूप लावलं का ते न चुकता विचारतात.

मामांना आता काचबिंदू आहे. एक डोळा गेला, दुसऱ्याला अंधुक उजेड तेवढा कळतो. हल्ली ते बरेचदा गावी आमच्याच घरी असतात. मी व्हिडिओ कॉल लावला की फोन बाबांच्या हातात असतो आणि मामा त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसतात. "सांगा दाजी, काय दिसून राहिलं?" बाबा चष्मा पुसतात आणि सांगू लागतात. मागं डोंगर आहे. डोंगरावर बर्फ आहे. वेलींना पानं नाहीत, नुसत्या काड्या आहेत. फाटक दिसतंय, बाक दिसतोय. एवढ्यावर मामांचं समाधान होत नाही. ते त्यांना कोपरानं ढोसतात. "बराबर पाहा दाजी. घाई नका करू. पोरीचे हात कसे हायेत?"

मग मी हात पुढे धरते. बाबा फोन अगदी डोळ्यांजवळ नेतात. मला पडद्यावर त्यांचं फक्त कपाळ दिसतं, आणि बाजूला मामांचा चेहरा, कान देऊन वाट पाहणारा.

"बरे हायेत," बाबा म्हणतात. आणि मामा, ज्यांनी आयुष्यात कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही, ते मान हलवतात.