गोष्ट संपेपर्यंत गोड बंद

व्हिडिओ गेमची गोष्ट एकदा संपली की संपली, नंतर निघणारे तिचे वाढीव भाग खेळू नयेत, असं माझं ठाम मत आहे. या मतापायी मी कलकत्त्यात राहून एक अख्खा हिवाळा गोडाविना काढला, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार मला इतरांपेक्षा जरा जास्तच आहे.

सुरुवात दसऱ्याला झाली. बँकेच्या बदलीमुळे आम्ही सॉल्ट लेकमध्ये राहत होतो. तीन वर्षं भरत आली होती, म्हणजे येत्या उन्हाळ्यात बाडबिस्तरा गुंडाळून निघायचं हे ठरलेलंच. आमची ईशा तेव्हा अकरावीत होती. तिच्या मामानं तिला खेळाचं ते यंत्र दिलं होतं आणि त्यावर ती एका म्हाताऱ्या नावाड्याचा गेम खेळायची. राज्यातली नदी रुसून आटत चालते आणि नावाडी तिचा उगम शोधायला निघतो, अशी गोष्ट. "बाबा, दोन मिनिटं धर ना," म्हणून तिनं एकदा रिमोट माझ्या हातात दिला (त्याला रिमोट म्हणत नाहीत, कंट्रोलर म्हणतात, हे मला पुढं उठता-बसता ऐकावं लागलं!) आणि मी जो बसलो तो उठलोच नाही.

"हेही अर्ध्यावरच सोडाल," माझी बायको मेधा म्हणाली. "पेटी सोडलीत. फिरायला जाणं सोडलंत. बंगाली शिकायला घेतलंत, ते 'केमोन आछेन', कसे आहात, याच्या पुढं सरकलं नाही!"

माणसाचा स्वाभिमान कधी जागा होईल सांगता येत नाही. माझा सोफ्यावर जागा झाला. मी गरजलो, "या नावाड्याची गोष्ट संपेपर्यंत मी गोडाला शिवणार नाही! सोडलं!"

आता आपल्याकडे चातुर्मासात लोक काही ना काही सोडतात. ज्याला वांगं मुळातच आवडत नाही तो वांगं सोडतो आणि पुण्य मिळवतो, ही शहाण्यांची रीत. मी मिठाईच्या राजधानीत बसून मिठाई सोडली. आमच्या घराण्यात हुशारी अशीच चालत आलेली आहे.

तेवढ्यात बेल वाजली. दारात घोषालबाबू उभे! हे आमचे शेजारी, निवृत्त शाळामास्तर, दिलदार माणूस. बंगाल्यांत दुर्गेचं विसर्जन झालं की एकमेकांकडे जाऊन गळाभेट घ्यायची आणि मिठाई भरवायची अशी पद्धत आहे. त्या दिवशी मिठाई नाकारणं म्हणजे आपल्याकडे तिळगूळ परत करण्यासारखंच.

"शाठे बाबू, शुभो बिजोया!" म्हणत त्यांनी डबा उघडला. (आमच्या साठे आडनावातला 'सा' सॉल्ट लेकमध्ये कुणाला कधी सापडला नाही.)

"मैंने मीठा छोड दिया है," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. "शुगर हुआ?"

"नहीं, नहीं."

"तो हमसे नाराज है?"

"अरे नहीं! वो एक खेल है, उसमें एक नाविक है, उसकी नदी..."

"उनका व्रत है," मेधानं मधे पडून सावरलं. घोषालबाबूंनी माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं. रात्रीपर्यंत इमारतीत बातमी पसरली की शाठे बाबूंना जबरदस्त डायबेटिस झालाय आणि बिचारे ते लपवतायत. दुसऱ्या दिवसापासून शेजारणी मला कारली आणून देऊ लागल्या.

मी खेळू लागलो. पण मी पडलो बँकेतला माणूस! समोर दिसेल ती वस्तू तपासल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. प्रत्येक झोपडीत शिरून मी मडकी उघडून पाहायचो. गावकऱ्यांशी सगळी बोलणी शेवटपर्यंत ऐकायचो. ईशा कपाळाला हात लावायची.

"बाबा, तिकडे राज्य तहानेनं मरतंय आणि तू मडकी काय बघतोस?"

"घाईत कर्जं बुडतात, बाळा."

आणि मग हिवाळा आला. कलकत्त्याचा हिवाळा म्हणजे नोलेन गूड, खजुराच्या रसाचा नवा गूळ. थंडीबरोबर येतो, थंडीबरोबर जातो. त्या गुळात केलेली छेन्याची मिठाई, म्हणजे संदेश, मी पहिल्या वर्षी खाल्ली तेव्हा इतकी वर्षं आपण कशासाठी जगलो, असा प्रश्न मला पडला होता. आणि आता हा माझा कलकत्त्यातला शेवटचा हिवाळा! ऑफिसात कुणाचं प्रमोशन झालं, संदेश. कुणाला नातू झाला, संदेश. डबा माझ्या टेबलापाशी आला की लोक तो अदबीनं उचलून पुढं न्यायचे आणि म्हणायचे, "स्यारला दाखवू नका, त्रास होतो." (स्यार म्हणजे सर, म्हणजे मी.)

त्या वासानं माझ्या वल्ह्यात जोर आला. मडकी सोडली, गावकरी सोडले आणि मी नाव हाणली! डिसेंबर सरता सरता एका रविवारी उगम सापडला, नदी खळाळून वाहू लागली. नावाड्यानं वल्हं भिंतीला टेकवलं, झोपडीचं दार लावून घेतलं आणि पडद्यावर नावं सरकू लागली. मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, मी डोळे पुसले.

"एवढ्या लोकांनी मिळून ही एक होडी चालवली?" मेधा म्हणाली. ती नुसती भाजी निवडत होती, खेळ पाहत नव्हती. शेवटाला तिचेही डोळे ओले होते, पण ते कांद्यामुळे. (भाजी पालकाची होती.)

सोडलेला पदार्थ पुन्हा सुरू करताना आधी तो दुसऱ्याला द्यायचा आणि मग आपण खायचा, ही आपली पद्धत. मी चपला अडकवून दुकानात धावलो. डबा आणला, घोषालबाबूंना बोलावलं, सुपारी ठेवून चार संदेश त्यांच्यापुढं केले. त्यांना यातलं काही कळलं नाही, पण संदेश कळले. मग मी माझा उचलला. तो गुळाचा वास! ओठांपासून बोटभर अंतरावर होता आणि ईशा किंचाळली.

"बाबा, बघ! नवीन भाग आलाय! ह्याच नावाड्याची पुढची गोष्ट!"

पडद्यावर तीच झोपडी होती आणि कुणीतरी दाराची कडी वाजवत होतं.

"थांबा!" मेधा म्हणाली.

"का थांबू? हा वेगळा गेम आहे!"

"वेगळा कसा? नावाडी तोच, झोपडी तीच," ईशा म्हणाली. माझ्याच पोटची मुलगी!

"अगं, पण शेवट झाला! नावं सरकली! पंगत उठली, पानं उचलली, की पुन्हा कुणी वरणभात वाढतं का?"

"विडा देतात," मेधा म्हणाली.

मग मात्र मी उभा राहून भाषणच केलं. हे वाढीव भाग म्हणजे आमटीत पाणी घालणं आहे. ज्यांना वेळेवर उठता येत नाही त्यांचे हे उद्योग! आमचे एक साहेब निवृत्त झाले, शाल घेतली, भाषणात रडले, आणि सोमवारी सल्लागार म्हणून त्याच खुर्चीत हजर! शोभतं का हे? शेवट झाल्यावर माणसानं, नावाड्यानं, कुणीही असो, मुकाट्यानं दार लावून आत बसावं!

"शाठे बाबू," घोषालबाबू शांतपणे म्हणाले, "गोल्पो कभी शेष होता है क्या? कहानी कभी खतम होता है? हम लोग तो माँ को पानी में छोडते-छोडते ही बोलता है, आसछे बोछोर आबार होबे, अगले साल फिर होगा!" आणि त्यांनी माझ्या बोटांतला संदेश अलगद काढून घेतला. "ब्रोतो टूटेगा तो पाप लगेगा," असं म्हणून तो त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला.

मेधानं निकाल दिला. "तुम्ही म्हणाला होतात, नावाड्याची गोष्ट संपेपर्यंत. दार वाजतंय, म्हणजे गोष्ट चालू आहे. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तडीला नेताय, तर नीट न्या."

"मी खेळणार नाही! हा तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"नका खेळू. गोडही खाऊ नका."

माझ्या तत्त्वाचा आमच्या घरात कुणालाही काडीचा त्रास झाला नाही. मकरसंक्रांत आली, मेधानं गुळाच्या पोळ्या केल्या आणि माझ्या पानात ज्वारीची भाकरी वाढली. एकदा मी न राहवून सेक्टर फाईव्हमधल्या एका अनोळखी दुकानात शिरलो. रुमालानं तोंड अर्धं झाकून घेतलं होतं. दुकानदारानं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "आप शाठे बाबू? घोषालमास्टर का पडोसी? खेला शेष हुआ?" तो घोषालबाबूंचा जुना विद्यार्थी निघाला. कलकत्त्यात निम्मी माणसं त्यांचेच विद्यार्थी आहेत आणि उरलेली निम्मी विद्यार्थ्यांचे पालक. मी पाणी पिऊन परत आलो.

फेब्रुवारी उजाडला, पंखे फिरू लागले, आणि दुकानात "गूड अब थोडा दिन" असं ऐकू येऊ लागलं. मग तत्त्व गेलं खड्ड्यात! मी कंट्रोलर हातात घेतला.

नावाड्यानं दार उघडलं. बाहेर एक बाई उभी होती आणि तिची बदकं हरवली होती. बदकं! ज्यानं राज्याची नदी परत आणली, त्यानं आता बदकं हाकायची!

"सांगत होतो ना? आमटीत पाणी!"

"पुढं चल ना, बाबा."

मी कपाळाला आठ्या घालून बदकं हाकली. नंतर मात्र गोष्ट वळली. नावाडी उगमाकडे निघाला होता तेव्हा पैलतीरावरून कुणीतरी त्याला हाक मारली होती आणि तो वळला नव्हता, घाईत होता. (मीही वळलो नव्हतो. मला संदेश दिसत होता!) ती हाक त्याच्या बहिणीची होती. आता म्हातारपणी तो तिला आणायला पैलतीरी निघाला. नदी तीच, पण कुठलीच घाई नाही. वाटेत जुने घाट लागत होते, भेटलेली माणसं पुन्हा भेटत होती, त्यांची पोरं मोठी झाली होती.

हा भाग उत्तम होता. मूळ गोष्टीत मला जे हवं होतं आणि हवं आहे हे कळलंही नव्हतं, ते इथं होतं.

"कसा वाटतोय?" ईशानं विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो. इतकं भाषण केल्यावर माणूस आणखी काय म्हणणार?

पण पंचाईत अशी झाली की मला तो संपवावासाच वाटेना. मी प्रत्येक घाटाला नाव लावू लागलो. पुन्हा मडकी उघडून पाहू लागलो. एका संध्याकाळी तर मी नुसतीच नाव वर-खाली फिरवली.

"बाबा, तुला संदेश खायचाय ना? बहीण समोर उभी आहे, तिला बसव नावेत!"

"थांब गं. त्या वळणापलीकडे काय आहे ते बघू दे."

अखेर एकदाची बहीण नावेत बसली आणि ऐलतीरी आली. मी धावत दुकान गाठलं.

"नोलेन गूड शेष, दादा," दुकानदार म्हणाला. "कल ही खतम हुआ."

साखरेचा पांढरा संदेश होता. मी पद्धतीप्रमाणे आधी घोषालबाबूंना दिला, मग खाल्ला. चांगला होता. पण मी त्यांच्या जिन्याच्या पायरीवर बसलो आणि खरोखर रडकुंडीला आलो. पुढच्या हिवाळ्यात मी नागपूरला की नांदेडला, कुणास ठाऊक! तिथं मला हा गूळ कोण देणार होतं? शेवटचा हिवाळा मी हातानं घालवला होता. निम्मा तत्त्वापायी आणि निम्मा बदकांपायी!

त्याच आठवड्यात मी मोठ्या साहेबांपुढं उभा राहिलो. "सर, बदली एक वर्ष पुढं ढकलता येईल का? मुलीचं बारावीचं वर्ष आहे." कारण शंभर टक्के खरं होतं. ईशाची बारावी मला त्या दिवसापर्यंत एकदाही आठवली नव्हती, एवढंच.

मंजुरी आली तेव्हा मेधा निम्मी भांडी बांधून बसली होती. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "शेवट झाल्यावर माणसानं मुकाट्यानं दार लावून बसावं, असं कोण म्हणालं होतं?"

"ते नावाड्याबद्दल होतं."

"शाल कधी देतायत?"

त्यानंतर ती महिनाभर माझ्याशी मोजकंच बोलली. उन्हाळा गेला, पूजा गेल्या, आणि थंडी पडल्याबरोबर घोषालबाबू स्वतः पहिला डबा घेऊन आले. नोलेन गुडाचा संदेश! सगळे माझ्याकडे पाहत होते. मी डोळे मिटून तो तोंडात टाकला आणि विरघळू दिला.

"केमोन?" घोषालबाबूंनी श्वास रोखून विचारलं.

मी बराच विचार केला. मत ठाम असलं की ते मांडावंच लागतं.

"चांगला आहे," मी म्हणालो, "पण पहिल्या हिवाळ्यांची सर नाही. वाढीव भाग तो वाढीवच!"

आणि डबा माझ्या मांडीवर ओढून घेतला.