शकुबाईंनी मागून घेतलेले उपास

बोरगावात शकुबाईंची भूक सगळ्यांना माहीत होती. गाईची धार निघायच्या आत त्यांना भाकर लागे, वर जवसाची चटणी आणि तेलाची धार. नवरा गेला तेव्हा शेजारणीने आणलेलं पिठलं त्यांनी पोटभर खाल्लं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, तेव्हा म्हणाल्या, "रडायलेबी ताकद लागते ना बाप्पा."

अशा बाईच्या घरात रामाकोन्याहून सून आली वत्सला, आणि ती जेवेनाशी झाली.

दोनदा दिवस राहिले, दोनदा पोट रिकामं झालं. घरात कोणी काही बोललं नाही. त्या न बोलण्यात वत्सलाने स्वतःच स्वतःला दोषी ठरवलं आणि शिक्षाही सुनावली. आधी महादेवाचे सोमवार धरले, मग मारुतीचे शनिवार, मग चतुर्थी, एकादशी. त्र्याऐंशी साली तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

सौसरच्या दवाखान्यात नर्सबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पापणी आतून पांढरीफटक. "अंगात रक्तच नाही. हिला खाऊ घाला, झोपू द्या, मनाला घोर लागू देऊ नका. नाहीतर या खेपेला बाळच काय, हीसुद्धा हाती लागायची नाही."

शकुबाईंनी बळजबरी करून पाहिली. एका सोमवारी पुढ्यात बसून भाकर आणि अंबाडीची भाजी खायला लावली. वत्सलाने मुकाट्याने खाल्लं आणि संध्याकाळी सगळं उलटून टाकलं. तिची पाठ चोळताना शकुबाईंना कळलं, की घास पोटात गेला खरा, पण भीती त्याच्या आधीच तिथे जागा धरून बसली होती.

"आत्याबाई, मी देवाले शब्द देल्ला. उपास मोडला अन् पुन्हा तसंच झालं, तर?"

दुसऱ्या दिवशी शकुबाई सुनेला घेऊन देवळात गेल्या आणि दादाजी गुरवापुढे उभ्या राहिल्या.

"दादाजी, घरात कोणी दुखण्यात असलं तर त्याचा उपास दुसऱ्यानं धरला तर चालते ना?"

"चालते. काहून?"

"हिचे सगळे उपास मी धरतो."

दादाजी इतका हसला की त्याला खोकला लागला. "तुमी? शकुबाई, आरती होईपर्यंत दम निघत नाही तुमाले. परसादाच्या खोबऱ्यावर डोळा राहते तुमचा!"

"ते देवालेबी ठाऊक आहे. म्हणूनच माह्या उपासाची किंमत जास्त. वत्सला, पाणी सोड तू."

वत्सलाने घाबरत सासूच्या ओंजळीत पाणी सोडलं. उपास या घरातून त्या घरात नाही, एका पोटातून दुसऱ्या पोटात गेले.

आणि मग शकुबाईंचे हाल सुरू झाले. सोमवारी घरात वांग्याची भाजी शिजली की त्या गोठ्यात जाऊन बसत. मुलगा मनोहर पांढुर्ण्याला संत्र्याच्या गाड्या भरायला जाई, तो आल्यावर विचारी, "माय, गाईजवळ काय करून राहिली?" "तिचं चघळणं पाहून राहिली," त्या चिडून म्हणत.

वत्सला जेवू लागली होती, पण पाखरासारखी, सासूकडे बघत बघत. तिला अजून खात्री नव्हती. रात्री दचकून उठे.

एका शनिवारी दुपारी शकुबाईंचं डोकं गरगरलं. चुलीवरून नुकती उतरलेली भाकर दुरडीत होती, फुगलेली, काठाला करपलेली. घरात कोणी नव्हतं. त्यांनी तुकडा मोडला, चटणीत बुडवला, हात तोंडाजवळ गेला. आणि दारात वत्सला उभी होती.

तिचा चेहरा राखेसारखा झाला. शकुबाईंचा हात तिथेच थांबला. हा घास गिळला तर पोरगी उद्यापासून पुन्हा उपाशी राहील, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"ये," त्या म्हणाल्या आणि तो घास वत्सलाच्या तोंडात कोंबला.

"माह्यासाठी काढला होता?"

"खोटं काहून बोलू? मीच खाणार होती. मेली भाकरच अशी फुगली!"

वत्सलाला आधी ठसका लागला, मग हसू आलं. थांबेचना. तोंडात घास, डोळ्यांत पाणी, पोटावर हात. शकुबाईही भिंतीला टेकून हसू लागल्या. त्या दुपारी वत्सलाने दुरडीतली ती भाकर संपवली, वर तुरीचं वरण प्याली, आणि संत्र्याच्या झाडाखाली सातरी टाकून दिवे लागेपर्यंत झोपली. शकुबाई उपाशीपोटी तिच्या अंगावरच्या माश्या हाकलत बसल्या. इतकं भरलेलं पोट त्यांना आयुष्यात ठाऊक नव्हतं.

त्यानंतर वत्सलाच्या पापणीत हळूहळू लाली उतरली. नर्सबाईंनी पुन्हा पापणी ओढली तेव्हा विचारलं, "कोणतं औषध केलं?" शकुबाई म्हणाल्या, "दोघी मिळून हसलो."

पोरगी झाली. किरटी नाही, सणसणीत, दवाखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजाची.

उद्यापनाला शकुबाईंनी पहिली पंगत बायकांची बसवली. पुरुष ओट्यावर ताटकळत राहिले. पहिल्या पाटावर वत्सला, शेजारी शकुबाई. दादाजी पुरण वाढत होता आणि शकुबाई हात आडवा करत नव्हत्या.

"मागची सगळी वसुली आजच का वो?"

"वाढ मुकाट्यानं."

तेवढ्यात आत पोरगी रडू लागली. मनोहर तिला घेऊन धावत आला. सगळ्या बायकांनी वत्सलाकडे पाहिलं. आता ही ताट सोडून उठणार.

वत्सलाने वर पाहिलंसुद्धा नाही. पोळीचा मोठा घास तुपात बुडवत ती म्हणाली,

"जरा धरा तिले. मी जेवून राहिली."