गंगव्वाचा डबा

गंजलेल्या बिजागरीला लावायला नातवानं रॉकेल आणलं आणि त्या वासासरशी मी जुन्या हुबळीतल्या आमच्या गल्लीत पोचले. लढाईचे दिवस. ‘क्यू’ हा शब्द रेशनबरोबरच गल्लीत आला होता. पण उन्हात उभं कोण राहणार? बायका आपापले डबे, बाटल्या एकामागे एक मांडून कडुलिंबाखाली बसत. रस्त्यावर माणूस नाही, नुसती भांड्यांची रांग!

त्या दिवशी आमच्या बाटलीपुढं शेजारच्या गंगव्वाचा डबा होता. तिला कळा सुरू झाल्या म्हणून बायकांनी तिला घरी नेलं होतं. रांग सरकली की माझी थोरली बहीण, अक्का, आधी तिचा डबा पुढं सरकवायची, मग आमची बाटली. दुकानदारानं तो डबा भरला आणि पिंप रिकामं झालं.

"अक्का, ती तर इथं नाहीच की!" मी रडकुंडीला आले.

"तिचा डबा आहे की. क्यू म्हणजे तेच, बाळ. माणूस नसलं तरी त्याची जागा असते."

संध्याकाळी आमच्याकडं अंधार. गंगव्वाच्या खिडकीत मात्र दिवा लागला, आणि त्या उजेडातून तान्ह्याचं रडणं आलं. माझा राग कुठल्या कुठं गेला. अंगावर काटा आला.

अजूनही येतो.