मंगेशची होडी आणि गंगारामाची दाढ

गावात कुणाचं काही अडलं की गाऱ्हाणं घालायला गंगाराम लागायचा. नारळ हातात धरून, डोळे मिटून तो "बा देवा म्हाराजा" म्हणाला की माडांवरचे कावळेसुद्धा गप्प बसत. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाचं लग्न जुळत नाही, कुणाचा मुलगा दुबईत अडकलेला. सगळ्यांची दुखणी तो अशा ठसक्यात मांडायचा की ज्याचं दुखणं त्यालाही ते नव्याने कळायचं. वाक्य संपलं की जमलेली माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणत, आणि एकदा का ते म्हटलं की गोष्ट पक्की. मग देवानेही मागे फिरायचं नाही आणि माणसानेही.

असल्या माणसाची दाढ शनिवारी संध्याकाळी ठणकू लागली. सोमवारी मंगेशची नवी होडी पाण्यात उतरायची होती आणि गाऱ्हाणं गंगारामानेच घालायचं होतं.

बायको सावित्री शहाणी. तिने कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरायला लावल्या, दाढेशी लवंग धरायला दिली, गालावर थंड फडकं ठेवलं. ठणका जरा उतरला.

"पण ह्या सगळा सोमवारपर्यंत," ती म्हणाली. "सोमवारी मालवणाक दाताच्या डॉक्टराकडे जावया."

"जावया म्हणे! आणि तेणी दाढ उपटल्यान तर? सगळो वारो थंयसून जायत. मगे गाऱ्हाणा घालतलंय की शिटी मारतलंय?"

खरी भीती ही होती, आणि त्या भीतीला नाव होतं भिकाजी. हा त्याचा धाकटा चुलतभाऊ. अख्खं गाऱ्हाणं तोंडपाठ करून वर्षानुवर्षं टपून बसलेला.

रविवारी नेमका तोच चौकशीला आला.

"दादानू, लवंगेन काय होता? काजयेच्या टरफलाचा तेल लावा. टाचेची भेग मिटता मां? मगे दाढेचा भोक कित्याक मिटूचा नाय?"

काजूचं ते तेल कातडी भाजून काढतं हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण ठणका लागलेल्या माणसाला टाच काय आणि दाढ काय! सावित्री विहिरीवर गेलेली बघून गंगारामाने कापसाचा बोळा बुडवला. तेल दाढेला किती लागलं देव जाणे. ओठाला आणि जिभेला मात्र मनसोक्त लागलं. सावित्री धावत आली तेव्हा हा पडवीत नाचत होता. सोमवारी उठला तो केंडमाशासारखा फुगूनच.

किनाऱ्यावर गाव जमला. होडीला झेंडूचे हार. मंगेशने नारळ गंगारामाच्या हातात दिला. त्याने डोळे मिटले. "बा देवा..." एवढंच बाहेर पडलं, पुढे ओठ हलेनात. भिकाजीने लुंगी सावरली, घसा खाकरला आणि पाऊल पुढे टाकलं.

"भावजीनू, थंयच रवा," सावित्री म्हणाली. नवऱ्याचं कोपर धरून ती उभी राहिली आणि सुरूच झाली.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान, मंगेशान, नवी होडी बांधल्यान आसा. तेका वाऱ्यावादळात सांभाळ रे म्हाराजा!"

माणसं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली. बाईमाणसाने गाऱ्हाणं? पण तोंडाला वळण पडलेलं.

"व्हय म्हाराजा!"

"जाळा भरान मासळी गावांदे!"

"व्हय म्हाराजा!"

गंगारामाला हुरूप आला. दर वाक्याला तो नारळ असा उंचावू लागला, जसे काही शब्द त्याच्याच पोटातून येत होते.

"आणि म्हाराजा, ह्यो जो नारळ धरून उभो आसा, तेका आजच्या आज दाताच्या डॉक्टराकडे जावची बुद्धी दी!"

नारळ वर गेलेलाच होता.

"व्हय म्हाराजा!" किनारा दणाणला. सगळ्यात मोठा आवाज भिकाजीचा.

आता पळवाट कसली! पोरांनी होडीला खांदे लावले आणि मोठ्यांनी गंगारामाला. धनेशच्या रिक्षात त्याला कोंबलं. तरी एक पाय त्याने हळूच बाहेर काढलाच. तेवढ्यात शेजारच्या काशीबाईने सावित्रीचा हात धरला.

"गो, काय बरा घातलंस! अगदी काळजाक लागला. माझ्या सुनेचा एक गाऱ्हाणा आसा, गुरवारी येशीत मां?"

"बघूया," सावित्री म्हणाली. नाही म्हणाली नाही.

गंगारामाने भिकाजीकडे बघितलं. बिचारा, निरुपद्रवी माणूस! मग त्याने बायकोकडे बघितलं. गुरुवार तीनच दिवसांवर होता. पाय झटकन आत घेतला आणि धनेशच्या पाठीवर थाप मारली.

"बेगीन," सुजल्या ओठांतून तो कसाबसा म्हणाला, "बेगीन चल, मेल्या!"

सावित्रीला चालत्या रिक्षात चढावं लागलं.